वळणाची खुंटी

१

डहाणू आणि तलासरीच्या शिवेवर एक बंद पडलेली दगडखाण आहे. शहाण्णव सालच्या जानेवारीत, दुपार कलताना, तिच्या तळाशी गोपीनाथ वालावलकर पालथे पडलेले सापडले. खुंट्या ठोकायची मोगरी अजून मुठीत होती आणि मान भलतीकडे वळलेली होती.

वालावलकर सागरवात प्रकल्पाचे इंजिनिअर. किनाऱ्यावर पवनचक्क्या उभ्या राहायच्या होत्या आणि त्यांची वीज कासाकडच्या नव्या सबस्टेशनात न्यायला उंच मनोऱ्यांची लाइन टाकायची होती. ती कुठून न्यायची हे ठरवणं वालावलकरांचं काम. नकाशावर रेघ ओढायला काय लागतं? पण रेघेखाली कुणाची वाडी येते, कुणाचं घर येतं, हे बघत माणूस उन्हातान्हात हिंडत होता आणि हिंडता हिंडताच मेला.

फौजदार चुरी खाणीवर पोचले तेव्हा सगळं आयतंच मांडून ठेवलेलं होतं. मेलेला माणूस खाली, डोळ्यांनी बघणारा साक्षीदार वर आणि आरोपी हवालदारांच्या ताब्यात. चुरींचं एक होतं. केस सोपी दिसली की त्यांना शंका यायची. नोकरीत त्यांनी एवढंच शिकून घेतलं होतं की आयतं ताट वाढून आलं की आधी वाढप्याकडे बघावं.

साक्षीदार म्हणजे आशागडचे जतीनभाई. चिकूची मोठी वाडी, दोन ट्रक, आणि तालुक्यात शब्दाला वजन. ते रुमालानं कपाळ पुसत होते.

"साहेब, मी शैलेशभाईला भेटायला आलेला ने, साहेबांच्या हाताखालच्या इंजिनिअरला. ते पलीकडच्या टेकाडाखाली जीपमध्ये टिफिन खात होते. वर मोजणीची दुर्बीण उभी, जवळ कोणी नाही. म्हटलं, जरा बघू तरी ने काय दिसते ते. डोळा लावला. तर खाणीच्या काठावर तुमचे वालावलकरसाहेब उभे. मागून हा सदू आला, दोन्ही हातांनी धक्का मारला, ने साहेब सीधे नीचे! मी धावतच खाली शैलेशभाईकडे गेलो."

"सदूच होता कशावरून?"

"लाल बंडी, डोक्याला पांढरा फडका. बीजा कोण असणार?"

चुरींनी काठावरून दुर्बिणीच्या टेकाडाकडे पाहिलं. मध्ये अख्खी दरी होती. तिकडचा माणूस इथून मुंगीएवढा दिसत होता. नुसत्या डोळ्यांना कोण कुणाला ढकलतंय ते कळलं नसतं. दुर्बिणीतून बघितलं असेल तर प्रश्नच मिटला.

"आणि ढकलून सदू गेला कुठे?"

"पळाला, वाघोबाच्या टेकडीकडे," हवालदार मध्येच म्हणाले. "तिथंच धरला त्याला. माथ्यावर उभा होता, झेंडी हातात घेऊन."

चुरींनी मान वळवून टेकडीचा माथा शोधला.

२

सदू वरठा पोलीस ठाण्याच्या कोपऱ्यात गुडघ्यांना मिठी घालून बसला होता. वरठापाड्याचा वारली, वालावलकरांचा झेंडीवाला. लाइनची रेघ सरळ जाते की नाही हे बघायला दुर्बिणीतल्या माणसाला लांबवर एक खूण लागते. ती खूण म्हणजे सदू आणि त्याच्या हातातली लाल-पांढरी झेंडी.

"का मारलास साहेबाला?"

"मी नाय मारला साहेब."

"लाइन तुझ्या पाड्यावरून जाते. घरं उठणार. राग आला असेल."

"राग आलता ना. पन साहेबाचा नाय."

"मग खाणीवर कशाला गेलास?"

"खाणीवर गेलोच नाय. सकाळधरनं वाघोबाच्या टेकडीवर व्हतो. साहेबानी सांगितलेला, मी हात हलवतो तवा उतरायचा, तवर झेंडी आडवी करायची नाय." त्यानं मान वर केली. "त्यांनी हात हलवलाच नाय."

"म्हणून तू तिथंच उभा राहिलास?"

"पोलीस आले तवा पन उभाच व्हतो."

हवालदार दारातून हसले. "साहेब, येडा बनतोय."

चुरी हसले नाहीत. खून करून पळालेला माणूस झाडीत शिरतो, ओहोळात दडतो, फार तर हद्द ओलांडून गुजरातेत जातो. हा पठ्ठ्या टेकडीच्या माथ्यावर झेंडी उंच धरून उभा होता, अख्ख्या तालुक्याला दिसेल असा. पण कोर्टात हे चालणार नव्हतं. तिकडे प्रतिष्ठित माणसाची डोळ्यांदेखतची साक्ष आणि इकडे घरं जाणारा आदिवासी. ठाण्याच्या जिल्हा कोर्टात अशा केसचं काय होतं ते चुरींनी पाहिलं होतं. सदू जन्मठेपेला जाणार होता, कदाचित फासावर.

बाहेर पिंपळाखाली त्याची बायको हिरकणी बसली होती. फडक्यात नाचणीची भाकरी होती.

"टेकडीवर मीच पानी नेलता दुपारचा," ती म्हणाली. "म्हटला, चल घरी, उन लागंल. तर नाय म्हणं. साहेब दुर्बिणीतून बघत अशील, झेंडी हलली त रेघ वाकडी जाईल."

"बाई, तू त्याची बायको. तुझ्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार?"

"ता मना ठाव हाय," हिरकणी म्हणाली. आवाजात रडणं नव्हतं, हेच चुरींना जास्त लागलं.

"दुर्बिणीतून तू कधी बघितलंयस का?" जाता जाता त्यांनी उगाच विचारलं.

"एकदाच. पोरां नुसती खिदळत. मना गरगरला. परत नाय बघितला."

चुरींनी मान डोलावली आणि पुढे गेले. तिथेच थांबून आणखी एक प्रश्न विचारला असता, तर पुढचे दोन दिवस वाचले असते.

३

वालावलकरांच्या पत्नी सुनंदाबाई डहाणूच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. दारात चपलांचा ढीग होता, आत बायका. चुरींना त्यांनी मागच्या पडवीत नेलं.

"बाई, आत्ता विचारणं बरं नाही, पण त्या दिवशी सकाळी ते काही बोलले होते का?"

"बोलले होते ना." त्या भिंतीकडे बघत सांगत होत्या. "चहा घेताना म्हणाले, आज खाणीच्या काठावर वळणाची खुंटी ठोकतो. तिथून लाइन वळवली की वरठापाडा वाचतो. पाड्यात एक दिवा नाही आणि त्यांच्या छपरावरून आपण मुंबईला पुरेल एवढी वीज नेणार, हे मला जमणार नाही, म्हणाले."

"वळवून कुठे नेणार होते?"

"खालच्या अंगानं. आशागड, सरावलीच्या वाड्यांच्या कडेकडेनं. चिकूची थोडी झाडं जातील, पण घर एकही जात नाही, म्हणत होते."

चुरींच्या हातातला पाण्याचा पेला तसाच राहिला. सरावलीची वाडी त्यांच्या आजोबांनी लावलेली. काका अजून रोज पहाटे प्रत्येक झाडाला हात लावून येतात. कालच काका ठाण्यावर येऊन गेले होते, फार खुशीत. "वामन, सुटलो रे बाबा! तो इंजिनिअर आपल्यावर उठला होता. आता कोण वळवतोय लाइन? त्या वारल्यानं आपलं कामच केलं म्हणायचं." तेव्हा चुरींना अर्थ लागला नव्हता. आता लागला.

सदूला वालावलकरांना मारायचं काहीच कारण नव्हतं. उलट तो माणूस जगण्यातच सदूचं भलं होतं. मरण्यात भलं होतं ते वाडीवाल्यांचं, म्हणजे जतीनभाईंचं. आणि, नाही म्हणायचं तरी, चुरींच्या घराचं.

"हे आणखी कुणाला माहीत होतं?"

"शैलेशला. दोघं एकत्रच काम करायचे." त्या चुरींकडे वळल्या. "फौजदारसाहेब, मला ती जागा बघायचीय. लांबून का होईना. न्याल मला?"

४

शैलेश ओगले वालावलकरांच्या हाताखालचा इंजिनिअर. कपडे इस्त्रीचे, बोलणं मऊ. चुरींसाठी त्यानं चहा मागवला आणि विचारलं त्याहून जास्तच सांगितलं. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण हा मोठा शांत होता.

"वळणाची खुंटी? हो, सर म्हणायचे कधी कधी. पण ते काही पक्कं नव्हतं. सदू मात्र रोज कटकट करायचा."

"तुम्ही जीपमध्येच होतात?"

"जेवत होतो. जतीनभाई धावत खाली आले, तेव्हा मला कळलं."

"दुर्बिणीतून खाणीचा काठ स्पष्ट दिसतो?"

"बंडीची गुंडी दिसेल! जुनी जर्मन काच आहे साहेब, आजकाल अशा मिळत नाहीत." शैलेशच्या आवाजात पहिल्यांदाच जिव्हाळा आला. "कॉलेजातून बाहेर पडलो तो हिलाच डोळा लावून. आता तर मध्ये काच आहे हेसुद्धा जाणवत नाही. नुसतं समोर बघितल्यासारखं वाटतं."

चुरींनी चहा संपवला. या माणसाकडे बोट दाखवायला त्यांच्याकडे काहीच नव्हतं. जतीनभाईंनी सदूला पाहिलं होतं आणि ते वाक्य दगडासारखं आडवं पडलं होतं. वरून आमदारांचा फोन येऊन गेला होता. सदूची कोठडी परवा संपत होती आणि त्याला पुन्हा डहाणूच्या कोर्टात उभं करायचं होतं.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी चुरींनी सुनंदाबाईंना दुर्बिणीच्या टेकाडावर नेलं. दुर्बीण तिपाईवर तशीच होती, पंचनाम्यासाठी कुणी हलवली नव्हती. वारा होता. खालच्या दरीत पळसाची पानं वाजत होती.

"ती समोर खाण," चुरी म्हणाले. "पलीकडे दिसते ती वाघोबाची टेकडी."

सुनंदाबाईंनी पदर सावरला आणि काचेला डोळा लावला. बराच वेळ त्या तशाच वाकलेल्या राहिल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. चुरी दुसरीकडे बघू लागले. असल्या वेळी खाकी कपड्यातल्या माणसानं काय करावं हे त्यांना कधीच समजलं नव्हतं.

"लग्नानंतर बोर्डीला समुद्रावर नेलं होतं मला," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "ही दुर्बीण घेऊन. मी बघितलं आणि ओरडलेच. समुद्र वर टांगलेला आणि माणसं डोक्यावर चालतायत. त्यांना काय हसू आलं होतं! म्हणाले, आम्हाला आता कळतसुद्धा नाही, डोळा आपला आपण सरळ करून घेतो."

चुरींनी काचेला डोळा लावला.

आभाळ खाली होतं. खाणीचा काठ छताला लटकल्यासारखा दिसत होता आणि काठावर पहाऱ्याला उभा केलेला शिपाई वटवाघळासारखा पाय वर करून उभा होता. चुरींना गरगरलं. त्यांनी डोकं मागे घेतलं, पुन्हा लावलं, पुन्हा मागे घेतलं.

साहेब सीधे नीचे, म्हणाले होते जतीनभाई.

"बाई," चुरी हळूच म्हणाले, "तुमचे उपकार फार झाले."

६

हातच्या काकणाला आरसा कशाला? त्याच दुपारी चुरींनी सगळ्यांना टेकाडावर बोलावलं.

"कोर्टाला सगळं जसंच्या तसं दाखवावं लागतं," ते शैलेशला म्हणाले. "तुम्ही दुर्बीण खाणीवर लावून द्या. मग त्या दिवशीसारखेच खाली जीपमध्ये जाऊन बसा."

शैलेशनं डोळा लावला, दोन चाक्या फिरवल्या. "लागली. हवालदार काठावर उभे आहेत, स्पष्ट दिसतायत." आणि तो शांतपणे उतरून गेला.

"या जतीनभाई. बघा आणि सांगा, त्या दिवशीसारखंच दिसतंय ना?"

जतीनभाई वाकले. एक डोळा मिटला, दुसरा काचेला लावला. आणि विंचू चावल्यासारखे मागे सरले.

"अरे, आ शुं? आ तो ऊंधो ऊभो छे!"

पंच म्हणून आणलेल्या तलाठ्यानं आधी दुर्बिणीकडे आणि मग जतीनभाईंकडे पाहिलं.

"त्या दिवशी सरळ होता का?" चुरींनी विचारलं.

"म्हणजे... त्या दिवशी... मशीन बिघडला असेल ने."

"मशीन हे असंच आहे, जन्मापासून. पाड्यावरची पोरं एकदा बघून खिदळतात, बायकांना गरगरतं, मलासुद्धा गरगरलं. या काचेतून तुम्ही वालावलकरांना पडताना बघितलं असतं, तर ते खाली गेले नसते जतीनभाई. वर गेले असते. माणूस आभाळात पडताना बघितलात आणि सांगायला विसरलात?"

जतीनभाईंनी इकडेतिकडे बघितलं आणि होते तिथेच मातीत बसले.

"मी तर मागाहून आलो," ते म्हणाले. "सगळं होऊन गेलेलं. शैलेशनी सांगितला तसा बोललो. तो म्हणाला, लाइन आता वळणार नाही, तुमचा वाडी वाचला, एवढा करा. मी कोणाला मारला नाही साहेब, छोकरांच्या सोगंद."

"तुम्ही सदूला मारायला निघाला होतात," चुरी म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता आणि त्यांनी तो आवरला नाही. "झाडांसाठी!"

मग ते एकटेच खाली जीपकडे गेले. शैलेश मागच्या सीटवर पाय सोडून बसला होता.

"ओगले, साक्ष फार सुंदर शिकवलीत. एकच चुकलं. त्यानं काय बघितलं असतं ते सांगायच्या ऐवजी तुम्ही काय बघितलं असतं ते सांगितलंत. तो पहिल्यांदाच बघणारा माणूस. त्याला सगळं उलटं दिसलं असतं. ते सरळ फक्त तुम्हाला दिसतं, आणि वालावलकरांना दिसायचं. आता तुमच्या दोघांपैकी साक्ष शिकवायला कोण उरलं होतं?"

शैलेशनं वर टेकाडाकडे पाहिलं. तिपाई आभाळावर काळी दिसत होती.

"विसरलोच मी," तो म्हणाला. जणू काही हिशेबात एक आकडा राहून गेला होता. मग त्याचा चेहरा उतरला. "सर ऐकतच नव्हते हो. मी वाडीवाल्यांना शब्द देऊन बसलो होतो. मनोऱ्यांच्या पायाच्या कामात जतीनभाई मला भागीदार घेणार होते. मी विनवण्या केल्या. ते म्हणाले, तू हो बाजूला, आणि खुंटी ठोकायला वाकले. मी खांद्याला धरून ओढायला गेलो, आणि मग ओढलं नाही, ढकललं."

"आणि खुंटी?"

"दरीत फेकून दिली."

७

सदूला त्याच संध्याकाळी सोडलं. हिरकणीनं चुरींच्या पायाला हात लावला, तेव्हा ते पुरते अवघडले. ठाण्यात दोन दिवस सगळे फौजदारांच्या डोक्याचं कौतुक करत होते. सरावलीच्या काकांनी मात्र बोलणं टाकलं. जतीनभाई त्यांचे जुने स्नेही होते.

चुरी आठवड्यानं सागरवातच्या ऑफिसात गेले. हे काही पोलिसांचं काम नव्हतं. नव्यानं आलेल्या मुख्य इंजिनिअरनं त्यांना खुर्ची दिली आणि सगळं ऐकून घेतलं.

"वालावलकरांचं फार वाईट झालं. पण मार्चअखेर चक्क्या फिरायला हव्यात, नाही तर पैसे घातलेल्यांची करसवलत जाते. वर मंजुरीला गेलेली रेघ जुनी आहे, पाड्यावरून जाणारी. वळणाची खुंटी त्यांनी ठोकली होती का?"

"ठोकताना तर मेले ते."

"म्हणजे नव्हती ठोकली," मुख्य इंजिनिअर म्हणाले. वाईट माणूस नव्हता तो. त्यानं खरोखरच दुःखानं मान हलवली आणि पुढची फाइल ओढली.

फेब्रुवारी सरता सरता चुरी कशाला तरी त्या रस्त्यानं जात होते. वरठापाड्यापाशी त्यांनी जीप थांबवली. घरं उतरवायचं काम चाललं होतं. सदू छपरावर बसून पेंढा काढत होता. त्यानं चुरींना पाहिलं, हात कपाळाला नेला आणि पुन्हा कामाला लागला. खाली हिरकणी कुडाच्या भिंतीतल्या कारवीच्या काठ्या सोडवून मोळ्या बांधत होती. पलीकडे, जिथे चूल होती तिथपासून थोड्याच अंतरावर, मनोऱ्याच्या पायासाठी चार खड्डे खणलेले होते.

"कुठे जाणार?" चुरींनी विचारलं.

"वर. ओहोळाच्या पल्याड. पानी लांब पडंल, पन जागा हाय."

"मी बोललो होतो त्यांच्याशी. ऐकलं नाही."

"तुमी माझा माणूस दिला साहेब. आजून काय मागू?" ती मोळीला गाठ मारत म्हणाली. मग सहजच तिनं वर बघितलं. "साहेब, तुमचा घर कंचा?"

"सरावली."

"वाडी हाय?"

"आहे."

"साहेब वळवणार व्हते ती रेघ तिकडनंच जानार व्हती ना?"

चुरींना खोटं बोलता आलं असतं. चिकूच्या झाडांवर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं आणि हिरकणी काही सरावलीला बघायला जाणार नव्हती.

"हो," ते म्हणाले. "आमच्या वाडीतनंच."

हिरकणीनं मोळी डोक्यावर घेतली आणि एका हातानं तोल सावरला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, टोमणाही नव्हता. चुरी तो शोधत राहिले, पण तो नव्हताच.

"बरा झाला," ती म्हणाली. "कोनाची तरी वाचली." आणि ओहोळाकडे चालू लागली.